आधार काय?

सरकारी कचेरीत नव्याने रुजू होणाऱ्या लिपिकाला पहिल्या महिन्यात जे थोडेफार शिकवले जाते, त्यात एक नियम हमखास असतो. टिपणीत कोणतेही विधान केले की ते ज्या कागदावरून केले त्या कागदाला पताका लावायची आणि समासात पृष्ठ क्रमांक लिहायचा. 'गावाला पाणीटंचाई आहे' एवढे म्हणून भागत नाही. तहसीलदारांचा अहवाल पताका 'अ' येथे आणि भूजल सर्वेक्षणाचा पताका 'ब' येथे असावा लागतो. पताका नसेल तर नस्ती दोन शब्दांचा शेरा घेऊन परत येते: 'आधार काय?' या दोन शब्दांमुळे प्रशासन संथ होते अशी टीका होते, आणि ती बरीचशी खरीही आहे. परंतु सार्वजनिक जीवनात असे एक क्षेत्र आहे, जिथे हे दोन शब्द वेळेवर विचारलेच जात नाहीत आणि त्याची किंमत सामान्य माणूस आपल्या पैशाने व शरीराने मोजतो. वजन घटवणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती हे ते क्षेत्र.

निवृत्तीनंतर मी बेंगळुरूत राहायला आलो, तेव्हापासून हा विषय माझ्या डोळ्यांसमोर अधिक आहे. या शहरातील लाखो माणसे दिवसभर खुर्चीत बसून काम करतात आणि उरलेला वेळ वाहतुकीच्या कोंडीत बसून काढतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ आहेत. बसून राहणाऱ्या माणसाला न हलता बारीक करण्याचे आश्वासन कुठे खपणार, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पूर्वी अशी आश्वासने रस्त्यावरच्या फलकांवर दिसत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने खडसावल्यावर तेव्हाच्या महानगरपालिकेने शहरातले फलक उतरवले. शहर काही काळ बरे दिसू लागले. पण फलक उतरले म्हणून जाहिरात उतरली नाही. ती हातातल्या मोबाईलवर गेली. रस्त्यावरचा फलक निदान पालिकेच्या निरीक्षकाला दिसत तरी होता. मोबाईलवरची जाहिरात ज्याला दाखवायची त्यालाच दिसते, आणि तीही तो एकटा असताना.

आता एका आदेशाकडे वळतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२५ मध्ये 'व्हीएलसीसी' या देशभर शाखा असलेल्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल ३ लाख रुपयांचा दंड केला. त्याआधी तशाच स्वरूपाच्या प्रकरणात 'काया' या कंपनीलाही ३ लाखांचा दंड झाला होता. दोन्हीकडे विषय होता 'कूलस्कल्प्टिंग' या यंत्राचा. हे यंत्र त्वचेखालील चरबी गोठवते. मी हा आदेश जुन्या सवयीने, नस्ती वाचावी तसा, एकेका विधानासमोर पताका शोधत वाचला.

पहिले विधान असे, की एका सत्रात ६०० ग्रॅमपर्यंत वजन आणि ७ सेंटीमीटरपर्यंत घेर कमी होतो. यातला 'पर्यंत' हा शब्द पाहावा. सहाशे ग्रॅमपर्यंत म्हटले की त्यात पन्नास ग्रॅम बसतात आणि शून्यही बसते. वाचणारा मात्र सहाशे एवढेच लक्षात ठेवतो. सरकारी योजनांच्या घोषणांतही हा शब्द भरपूर वापरला जातो, त्यामुळे त्याची ताकद मला चांगली ठाऊक आहे. आता सहाशे ग्रॅम चरबी म्हणजे किती, ते पाहू. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते; म्हणजे ६०० ग्रॅममध्ये सुमारे ४,६००. मध्यम बांध्याचा माणूस तासभर चालून अडीचशे ते तीनशे किलोकॅलरी खर्च करतो. म्हणजे सोळा-सतरा तासांची पायपीट एका सत्रात, तीही गादीवर पडून!

दुसरे विधान एका तासात कपड्यांचे माप एकाने उतरण्याचे. ते यंत्राच्या स्वतःच्याच शास्त्राशी विसंगत आहे. थंडीने मेलेल्या चरबीच्या पेशी शरीर हळूहळू, काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत बाहेर टाकते. जे घडायला दोन महिने लागतात ते एका तासात दिसणार कसे?

तिसरे विधान अमेरिकेच्या मान्यतेचे. इथे पताका आहे, पण तिच्याखालचा कागद वेगळेच सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राला दिलेली परवानगी दंड, पोट, मांड्या, हनुवटीखालचा भाग अशा ठरावीक जागी साठलेल्या चरबीचा फुगवटा कमी करण्यापुरती होती, आणि तीही ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंची व वजनाचे गुणोत्तर, ३० किंवा त्याहून कमी आहे अशांसाठी. वजन घटवण्याचा उपचार म्हणून ती नव्हतीच. म्हणजे जाहिरात ज्या स्थूल माणसाला हाक मारत होती, नेमका तोच परवानगीच्या बाहेर होता. प्राधिकरणाने आणखी एक गोष्ट नोंदवली. अमेरिकेला सादर झालेल्या चाचण्या ५७ जणांवर झाल्या होत्या. त्यांत गोरे, हिस्पॅनिक आणि आफ्रिकी वंशाचे अमेरिकन होते, भारतीय किंवा आशियाई कोणीही नव्हते.

हा शेवटचा मुद्दा तांत्रिक वाटेल. तो तसा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि ती पोटाभोवती अधिक असते, त्यामुळे आपल्याकडे मधुमेह कमी वजनातच गाठतो, हे याज्ञिकांचे संशोधन जगाने मान्य केले. मग परक्या शरीरावर घेतलेला ५७ जणांचा पुरावा आपल्या शरीराला जसाच्या तसा कसा लागू करावा? हा प्रश्न जाहिरात करणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा होता. तो प्राधिकरणाला विचारावा लागला.

प्राधिकरणाने दंडाबरोबर दिलेले निर्देश मला दंडापेक्षा महत्त्वाचे वाटतात. यापुढच्या जाहिरातीत शरीराचे कोणते भाग, किती बीएमआयपर्यंत आणि कोणत्या लोकांवर चाचण्या झाल्या, ते सांगायचे; हा वजन घटवण्याचा उपचार नाही, असे स्पष्ट लिहायचे; आणि ग्राहकाकडून सही घेतल्या जाणाऱ्या करारातली कंपनीची जबाबदारी झटकणारी कलमे काढून टाकायची. त्या कलमांना महत्त्व का, ते जगभर गाजलेल्या एका उदाहरणावरून कळते. चरबी गोठवल्यावर क्वचित प्रसंगी त्या जागची चरबी कमी होण्याऐवजी वाढते आणि घट्ट होते. प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी आपल्या बाबतीत असे घडल्याचे सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले. अशा वेळी ग्राहकाने आधीच 'आमची तक्रार नाही' असे लिहून दिलेले असेल, तर त्याने दाद कुठे मागायची?

हा झाला मोठ्या, नामांकित कंपन्यांचा मामला. त्यांचा पत्ता असतो, वकील असतो, त्यांना नोटीस पोचते. याच्या खाली पट्ट्यांचा बाजार आहे आणि तो फार जुना आहे. अमेरिकेत १९४९ पासून 'रिलॅक्सासायझर' नावाचे, विजेचे झटके देऊन स्नायू हलवणारे एक यंत्र विकले जाई. सुमारे ४ लाख यंत्रे घरोघर गेल्यावर १९७० मध्ये न्यायालयाने ते धोकादायक ठरवून विक्री बंद केली. पुढे पोटाला बांधायचे विद्युत पट्टे आले. २००२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 'अ‍ॅबट्रॉनिक', 'एबी एनर्जायझर' आणि 'फास्ट अ‍ॅब्ज' या तिघांवर एकदम कारवाई केली. ज्यांनी रात्री उशिरा दूरचित्रवाणी पाहिली आहे त्यांना हिंदीत डब केलेल्या तशा जाहिराती आठवतील. चौथा होता टेलिब्रँड्सचा 'अ‍ॅब फोर्स'. त्याची जाहिरात हुशार होती. वजन कमी होईल असे ती कुठेही म्हणत नव्हती. दूरचित्रवाणीवरचे ते प्रसिद्ध पट्टे आठवतात ना, आमचाही तसलाच, पण स्वस्त, एवढेच ती सांगे. बाकीचे काम सडपातळ तरुणांची चित्रे करीत. कमिशनने २००५ मध्ये ठरवले, की न बोलता दिलेले आश्वासन हेही आश्वासनच. अपील न्यायालयाने २००६ मध्ये ते उचलून धरले आणि २००९ मध्ये कंपनीला ७० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले.

पट्ट्यामागची कल्पना अशी, की जिथे बांधाल तिथली चरबी जाईल. हे पडताळून पाहण्याचा एक सोपा प्रयोग १९७१ मध्ये झाला. टेनिसपटूंचा खेळणारा हात वर्षानुवर्षे दुसऱ्या हातापेक्षा कितीतरी जास्त हलतो. त्याचे स्नायू मोठे झालेले आढळले. पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. हजारो तासांच्या व्यायामाने जे जागेवर होत नाही, ते कंबरेवर थरथरणाऱ्या पट्ट्याने दहा मिनिटांत होईल कसे? आणि तो पट्टा तापणारा असेल तर जो जातो तो घाम असतो.

हे सारे मला माहीत होते. तरीही पट्टा आमच्या घरात आला, तो असा.

माझे थोरले बंधू चाळीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी बेंगळुरूत आले आणि मल्लेश्वरममध्ये स्थायिक झाले. वहिनी आता बासष्टीच्या आहेत. गुडघे दुखतात, मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: पाच किलो वजन उतरवा आणि रोज चाळीस मिनिटे चाला. त्याप्रमाणे त्या रोज सकाळी सँकी तलावाच्या काठी चालायला जात. मैत्रिणींचा घोळका होता, त्यात एक कानडी, एक तमिळ आणि दोन मराठी बायका होत्या. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१ वर आली होती. मग मोबाईलवर एक जाहिरात दिसू लागली. दहा मिनिटे पट्टा बांधणे म्हणजे दोन तास चालणे! दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला याहून गोड वाक्य कोणते असणार? पट्टा आला. पहाटेचे चालणे आधी एक दिवसाआड झाले, मग थांबले. चार महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा सरासरी ८.६ निघाली.

"पण वजन उतरतंय ना, भावजी," त्या म्हणाल्या. "पट्टा सोडल्यावर काट्यावर उभी राहते तेव्हा दर वेळी कमीच दिसतं."

मी काटा आणला. पट्ट्याआधी ७१.४, अर्ध्या तासाने पट्टा सोडल्यावर ७१.०. मग त्यांना दोन पेले पाणी प्यायला लावले आणि पुन्हा उभे केले. काटा ७१.४ वर आला. वहिनी काट्याकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पट्टा त्यांनी स्वतःच गुंडाळून माळ्यावर टाकला.

मी तक्रार करू म्हणालो, तर त्या पहिल्यांदा चिडल्या. "कुणाकुणाला सांगायचं? या वयात बारीक व्हायला पट्टा आणला म्हणून? सगळ्या हसतील. पैसे गेले तर जाऊ देत." मला वाटते, या धंद्याचे सर्वांत मोठे संरक्षण कायद्यातली पळवाट नव्हे, तर हे वाक्य आहे. शिवणयंत्र बिघडले तर माणूस दुकानदाराशी भांडतो. वजनाचे यंत्र चालले नाही तर तो स्वतःलाच दोष देतो: मीच नीट बांधला नाही, मीच गोड खाल्ले. विक्रेत्याच्या खोटेपणाची लाज ग्राहकाला वाटते. ज्या मालाबद्दल तक्रार करायला माणूस लाजतो, तो माल खोटे बोलून विकणे सर्वांत सुरक्षित असते.

शेवटी तोडगा निघाला. पैसे दादांच्या खात्यातून गेले होते, म्हणून तक्रार दादांच्या नावाने करायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, ती नोंदवली. आम्ही दोन गोष्टी मागितल्या: पैसे परत मिळावेत, आणि दहा मिनिटांचा पट्टा म्हणजे दोन तासांचे चालणे या विधानाचा पुरावा मिळावा. बारा दिवसांत पैसे परत आले. त्याच दिवशी मोबाईलवर संदेश आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. पुराव्याबद्दल एक अक्षर नव्हते. पंधरवड्याने तीच जाहिरात, तेच वाक्य, पट्ट्याचे नाव तेवढे बदलून दादांच्या मोबाईलवर पुन्हा हजर झाली.

'निकाली' या शब्दाने मला अनेक दिवस सोडले नाही. मी स्वतः आयुष्यभर नस्त्या निकाली काढल्या आहेत. तक्रारदाराचे समाधान झाले की नस्ती बंद करणे हा नियमच आहे आणि तो चुकीचाही नाही. पण इथे एका ग्राहकाचे पैसे परत करणे हा विक्रेत्यासाठी प्रश्न टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. जो एक भांडतो त्याला पैसे, जे शंभर गप्प बसतात त्यांना जाहिरात. पैसे परत आल्याने तक्रार संपते. विधान संपत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण 'आपल्याकडे कायदाच नाही' असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही.

१९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ विकार आहेत आणि लठ्ठपणा हा त्यांतला एक. या विकारांवर औषध असल्याची जाहिरात करणे हाच गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये या कायद्यातला काही भाग रद्द केला, पण अशा जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे कवच मिळत नाही, असे ठरवले. या कायद्याने 'जादूच्या उपायां'त ताईत, मंत्र, कवच यांची नावे घेतली आहेत. मला गंमत वाटते ती आपल्या 'यंत्र' या शब्दाची. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले ते यंत्र आणि विजेवर चालणारे तेही यंत्रच. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवरून चमत्काराचा दावा करीत विकल्या जाणाऱ्या 'हनुमान चालीसा यंत्रा'सारख्या वस्तूंची जाहिरात महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवली. कंबरेला बांधलेला जो पट्टा न हलता चरबी वितळवतो, तो ताईत नव्हे तर काय? फरक एवढाच, की त्याला वायर असते.

१९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचे प्रकरण घातले गेले. तेच पुढे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आले आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही टिकले. त्यातले एक कलम प्रत्येक ग्राहकाने पाठ करावे असे आहे. वस्तूच्या गुणकारीपणाची जी हमी पुरेशा व योग्य चाचणीवर आधारलेली नाही ती अनुचित प्रथा. आणि चाचणी केली होती असा बचाव कोणी घेतला, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी बचाव घेणाऱ्याची. म्हणजे 'आधार काय?' या प्रश्नाचे उत्तर देण्याचे ओझे गेली चाळीस वर्षे कायद्याने विक्रेत्यावरच टाकलेले आहे! २०१९ च्या कायद्याने त्यात अधिकारी यंत्रणा घातली. जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाला पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत आणि पुढच्या खेपेस ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवर एक ते तीन वर्षे बंदी घालता येते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीपेतला खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि तो दाव्याच्या उलट बोलणारा नको. २०२२ मध्येच याच प्राधिकरणाने मुंबईच्या 'नापतोल'ला १० लाखांचा दंड केला; त्यात चुंबकीय गुडघापट्टा आणि अ‍ॅक्युप्रेशर चपला यांच्या जाहिराती होत्या.

मग अडते कुठे? मला जे दिसते ते असे, की औषधाचा विषय राज्याच्या औषध नियंत्रण खात्याचा. पट्टा औषध नाही, 'फिटनेसचे साधन' आहे, म्हणून तो त्यांच्याकडचा नाही. ग्राहक खाते वैद्यकीय चाचण्या घेत नाही. मोबाईलवरच्या जाहिरातीचा विषय आणखी तिसऱ्या मंत्रालयाचा. प्रत्येक जण प्रामाणिकपणे लिहितो, 'सदर विषय या विभागाशी संबंधित नाही', आणि प्रत्येकाचे म्हणणे खरे असते. त्याच ग्राहक मंत्रालयाच्या अखत्यारीत वजनमापांचा २००९ चा कायदाही आहे. वाण्याने साखरेच्या पुड्यात वजन कमी भरले, तर वैधमापन निरीक्षक त्याच्यावर खटला भरतो. पण यंत्राने तुमच्या शरीराचे सहाशे ग्रॅम घेऊन जातो म्हटले आणि नेले नाहीत, तर ते मोजायला कोणी निरीक्षक नाही.

माझ्या मते यावर नवा कायदा हा उपाय नव्हे. तीन साध्या कार्यपद्धती पुरेशा होतील.

१. हेल्पलाइनवर शरीराविषयीच्या दाव्याची तक्रार आली, की पैसे परत मिळाले तरी त्या दाव्याची वेगळी नोंद व्हावी आणि ती आपोआप प्राधिकरणाकडे जावी. ग्राहकाचे प्रकरण निकाली निघेल, दाव्याचे निघणार नाही.

२. अशी नोंद झाल्यावर विक्रेत्याला पंधरा दिवसांत चाचणीचा अहवाल सादर करायला सांगावे आणि तो सर्वांना वाचायला खुला ठेवावा. अहवाल आला नाही, तर जाहिरात उतरवावी. पुरावा असणाऱ्याला याचा काहीच त्रास नाही.

३. जिथे ही यंत्रे मांडून विकली जातात ते ऑनलाइन बाजार, ज्यांतल्या काहींची मुख्यालये इथे बेंगळुरूतच आहेत, त्यांनी अशा वस्तूच्या पानावर 'चाचणीचा आधार' असा एक रकाना ठेवावा. तो रिकामा असेल तर रिकामाच दिसू द्यावा. रिकामा रकाना पुष्कळ बोलतो.

कोणी म्हणेल, ३ लाखांच्या दंडाने मोठ्या कंपनीला काय फरक पडतो? दंडाची मर्यादा १० लाख असताना ३ लाख का, हा प्रश्न योग्य आहे. पण दंड एकदा भरून होतो. जाहिरातीत 'हा वजन घटवण्याचा उपचार नाही' हे वाक्य मात्र रोज छापावे लागते. व्यापाऱ्याला दुसरे अधिक टोचते.

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांना दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. पहिली, २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीत असला आणि तुम्ही बेंगळुरूत, तर त्याने इकडे यायचे. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे, वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. दुसरी, दिशाभूल करणारी जाहिरात सर्वच ग्राहकांना अपायकारक असेल, तर त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने ती तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्याकडेही पाठवता येते. कर्नाटकात त्यांना डेप्युटी कमिशनर म्हणतात. इथे पैसे परत मागायचे नसतात, आपण ती वस्तू घेतली होती हेही सांगावे लागत नाही. जाहिरातीचे चित्र जोडायचे आणि विचारायचे, की या विधानाला आधार काय? लाजेने गप्प बसणाऱ्यांसाठी हा मार्ग जणू मुद्दाम केलेला आहे. त्याचा वापर फारसा होताना दिसत नाही.

दादांच्या मोबाईलवर परत आलेल्या त्या जाहिरातीचे चित्र मी जपून ठेवले होते. ते जोडून गेल्या महिन्यात मी या कलमाखाली एक अर्ज पाठवला. वहिनींना तो वाचून दाखवला, कारण त्यात त्यांचे नाव कुठेही नव्हते. त्यांनी एकच सूचना केली: "भावजी, ते दोन पेले पाण्याचंही लिहा. ते लोकांना लगेच कळेल." ते मी परिशिष्टात जोडले आहे. पताका 'क'.